मोटारसायकल शिकायची आहे? आधी थांबायला शिका

गोव्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही. संध्याकाळची शेवटची बस चुकली की सत्तरीच्या आतल्या गावांत, पेडण्याच्या वाड्यांवर किंवा सांग्याच्या बाजूला घरी पोचायचे कसे, हा प्रश्न पडतो. म्हणून अठरा पूर्ण व्हायच्या आधीच मुलांचे लक्ष दादाच्या मोटारसायकलवर असते. मग एखाद्या रविवारी दुपारी गावच्या मैदानावर किंवा सड्यावर दादाच शिकवायला उभा राहतो. क्लच सोड, रेस दे, गिअर टाक. दोन तासांत गाडी पळायला लागते आणि पोर शिकले असे सगळ्यांना वाटते.

गाडी पळवणे खरेच तेवढ्या वेळाचे काम आहे. वळणापलीकडे अचानक गाय उभी दिसली तर ब्रेक किती आणि कसा दाबायचा, पावसात लाल चिखलावर हात कसा हलका ठेवायचा, पुढची बस कधी थांबणार हे आधी कशावरून ओळखायचे, हे मात्र दादा शिकवत नाही. त्यालाही ते कोणी शिकवलेले नसते. तो आजवर वाचला आहे, एवढाच त्याचा अनुभव.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या संशोधक गटाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन छाननी केली. तो अहवाल 1981 साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी 92 टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या गाडीचा पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता. धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत हातात असलेला वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी होता. तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच नाही. रस्ते तिकडचे असले, वर्षे बरीच लोटली असली, तरी आपल्याकडच्या कुठल्याही नाक्यावर तासभर उभे राहिले तर तोच उजवा पाय मागच्या ब्रेकवर आदळताना दिसतो. दोन सेकंदांत माणूस विचार करू शकत नाही, हाताला जी सवय आहे तेच हात करतो. ती सवय लावून घेण्यासाठी शिकवणारा लागतो.

कागद आधी, गाडी नंतर

गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन्स फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे असते. परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवरून शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करा. ते सहा महिने चालते, आणि मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस म्हणजे अडवणूक आहे असे समजू नका, ते सरावासाठी दिलेले आहेत. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. मागे कोणी बसणार असेल तर तो स्वतः लायसन्सधारक, शिकवणारा हवा. मैत्रिणीला मागे घेऊन मिरामारला चक्कर मारायचे हे दिवस नव्हेत.

'मैदानावर कुठे लायसन्स लागते?' असे बरेच पालक म्हणतात. कायद्यातल्या 'सार्वजनिक जागे'च्या व्याख्येत रस्त्याबरोबरच लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कुठलीही जागा येते. गावचे मैदान त्यात सहज बसते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. 'दहावीत चांगले मार्क पडले म्हणून गाडी' असे कोणी म्हणाले तर हे त्यांना नीट वाचून दाखवा.

शिकवणारा कसा शोधायचा

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पाट्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुख्य काम चारचाकीचे. दुचाकी शिकवतात तिथेही अनेकदा स्कूटरच असते. त्यामुळे पैसे भरण्याआधी स्पष्ट विचारा: गिअरची गाडी तुमची आहे का? मोकळी जागा कुठे आहे? एका वेळी किती जणांना घेता? अचानक ब्रेक मारण्याचा सराव करून घेता का? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. 'ते आपोआप येते' असे उत्तर मिळाले तर दुसरीकडे चौकशी करा. 'आरटीओच्या चाचणीतला आठचा आकडा काढायला शिकवू, चाचणी पास करून देऊ' एवढेच आश्वासन मिळाले तरीही.

चांगला प्रशिक्षक सतत मागे बसून राहत नाही. तो बाहेर उभा राहून बघतो. ब्रेक लावताना तुमची नजर खाली जाते, वळताना खांदे आखडतात, क्लच दाबताना नकळत रेसही वाढते, हे गाडीवर बसलेल्याला कधीच कळत नाही. एका वेळी एकच चूक सांगून तीच दुरुस्त होईपर्यंत पुन्हा करून घेणारा माणूस मिळाला तर फी थोडी जास्त असली तरी घासाघीस करू नका. मोटारसायकल कंपन्याही सुरक्षित रायडिंगचे वर्ग घेतात. होंडाचे असे काम देशात बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. गाडी घेताना शोरूममध्ये त्याची चौकशी जरूर करा.

प्रशिक्षणाचा क्रम कसा असावा याचा चांगला नमुना ब्रिटनमध्ये आहे. तिथे 1990 पासून नवशिक्याला रस्त्यावर येण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याचे पाच टप्पे: ओळख आणि दृष्टीची तपासणी, उभ्या गाडीची हाताळणी, बंद जागेत चालवणे, रस्त्याच्या नियमांची आणि धोक्यांची चर्चा, आणि शेवटी प्रशिक्षकाबरोबर रस्त्यावर किमान दोन तास. एका टप्प्यात प्रशिक्षकाचे समाधान झाले नाही तर पुढचा टप्पा नाही. तुम्हाला काकाच शिकवणार असेल तरी हाच क्रम त्याच्या हातात द्या. पुढचे सगळे मी त्याच क्रमाने सांगतो आहे.

अंगावर काय, खाली कोणती गाडी

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, म्हणजे आयएस 4151 मानकाचे, आणि हनुवटी झाकणारे घ्या. डोक्यावर घट्ट बसले पाहिजे. पट्टा लावून मागून वर ओढले तर निघता कामा नये. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद. आपल्याकडच्या दमटपणात ते नकोसे होते हे खरे, म्हणून आतले अस्तर धुता येईल असेच घ्या. घोट्यापर्यंतचे बूट, जाड पँट आणि हातमोजे घाला. पडताना माणूस आधी तळहात टेकतो. स्लिपर घालून गिअर बदलायची सवय तर मुळात लागूच देऊ नका.

शिकायला 100 ते 125 सीसीची हलकी गाडी हवी. अशा गाडीचे वजन सुमारे 110 ते 120 किलो असते आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात. साडेतीनशे सीसीची बुलेटसारखी गाडी 190 किलोच्या आसपास भरते. ती कलली की नवशिक्याला सावरत नाही आणि पहिल्याच दिवशी भीती बसते. आवड असेल तर ती नंतर घ्या.

मैदानावर: इंजिन बंद ठेवून सुरुवात

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि जवळपास सगळेच तो गाळतात. गाडी स्टँडवरून काढा, हँडल धरून मैदानभर ढकलत फिरवा, डावीकडे-उजवीकडे वळवा, पुढचा ब्रेक हलका दाबून थांबवा, परत स्टँडला लावा. गाडी कुठपर्यंत कलली तर हातात राहते आणि कुठे वजन हाताबाहेर जाते ते अंगाला कळते. मग बसून डोळे मिटा आणि क्लच, दोन्ही ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, इंजिन बंद करायचे बटण न पाहता शोधा. गिअरचा क्रम विचारून घ्या. बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, तर काही साध्या गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेने पडतात.

आता इंजिन चालू. पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका, क्लच इतका हळू सोडा की गाडी पुढे सरकायला जेमतेम तयार होईल. तिथेच थांबा, परत दाबा. पाय जमिनीवर ठेवून हे पुन्हा पुन्हा करा. क्लच कुठे पकडतो हे बोटांना पाठ झाले की गाडी झटका देऊन बंद पडणे थांबते, आणि फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर थांबल्यावर मागे घसरायची भीतीही जाते. पंचवीस-तीस मीटर जाऊन थांबणे हाच सुरुवातीचा सगळा सराव. निघताना एक पाय आणि थांबताना एक पाय, दोन्ही पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत.

आधी स्कूटर चालवलेल्यांसाठी इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण गोव्यात मुली आणि मुलगे बहुधा स्कूटरवरच तयार होतात. स्कूटरवर डाव्या हातात मागचा ब्रेक असतो. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो. घाबरल्यावर डावा हात जुन्या सवयीने आवळला जातो. मग इंजिनाचा ओढाच सुटतो, गाडी मोकळी होऊन पळत राहते आणि मागचा ब्रेक लागतच नाही. तोल, रस्त्याची जाण, बाकीचे सगळे तुम्हाला येते, त्यामुळे लवकर रस्त्यावर यावेसे वाटेल. पण उजव्या पायाला मागच्या ब्रेकची सवय होईपर्यंत मैदान सोडू नका.

मग संथ चालवणे. चालत्या माणसाच्या वेगाने सरळ रेषेत जा. क्लच अर्धा दाबलेला, थोडी रेस, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका भार. वळायचे असेल तिकडे मान पूर्ण वळवा. चाकाच्या पुढ्यात पाहिले की पाय टेकलाच म्हणून समजा. आरटीओच्या चाचणीतला आठचा आकडा याच कसरतीचा भाग आहे. ज्याला संथ चालवता येते त्याला आठ वेगळा शिकावा लागत नाही.

ब्रेक: इथे घाई करू नका

'पुढचा ब्रेक मारला तर उलटशील' हे वाक्य गोव्यातल्या प्रत्येक घरात कोणीतरी सांगितलेले असते. त्या एका वाक्याने फार नुकसान केले आहे. गाडी थांबू लागली की तिचे आणि तुमचे वजन पुढच्या चाकावर येते. पुढचे टायर रस्त्याला जास्त घट्ट धरते, मागचे हलके होते. म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची साधारण 70 टक्के ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. धोका पुढच्या ब्रेकमुळे येत नाही, तो झटक्यात आवळल्यामुळे येतो. वजन पुढे यायच्या आतच चाक अडकते आणि घसरते. आधी हलके दाबा, पुढचा काटा, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअब्झॉर्बर, खाली बसतो ते जाणवू द्या, मग जोर वाढवत न्या. लिंबू पिळताना हात जसा हळूहळू जोर वाढवतो तसा.

थोडे गणित पाहा. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. धोका ओळखून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर 11 मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर आणखी दहा-एक मीटर. म्हणजे एकूण 21 मीटरच्या आसपास. वेग 60 केला की हेच अंतर सुमारे 40 मीटर होते. आणि 40 च्या वेगाला फक्त मागचाच ब्रेक लावला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळपास दुप्पट होते. बांधांवरच्या अरुंद रस्त्यांवर 40 मीटर पुढचे किती वेळा दिसते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या गावच्या वळणावर उभे राहून करावा.

सराव असा करा. मैदानावर किंवा रहदारी नसलेल्या कोरड्या, डांबरी, सरळ जागेत खडूने एक रेघ मारा. ताशी 20 च्या वेगाने या, रेघेवर चाक आले की थांबायला सुरुवात करा, थांबला तिथे खूण करा. दोन्ही ब्रेक, नजर दूर समोर, हात सैल, अगदी शेवटी क्लच. अंतर कमी-कमी होत एका जागी स्थिर झाले की 30, मग 40. गाडी तिरकी असताना हा सराव करायचा नाही. मागचे चाक घसरले तर पायाचा जोर थोडा कमी करा. पुढचे चाक घसरतेय असे वाटले तर ताबडतोब हात सोडून परत हळू दाबा. शिकवणाऱ्याने रेघेजवळ, सुरक्षित अंतरावर उभे राहून काटा किती बसतो आणि नजर कुठे जाते एवढेच पाहावे. त्यानंतर त्याने न सांगता हात वर करावा आणि तुम्ही तिथून थांबावे. खऱ्या रस्त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारा सराव हाच.

2019 च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचा जोड-ब्रेक किंवा एबीएस. एबीएस चाक अडकू देत नाही, पण थांबायला लागणारी जागा ते निर्माण करू शकत नाही. जुन्या, दादाच्या गाडीवर शिकत असाल तर यांपैकी काहीच नसेल, मग हा सराव दुप्पट करा.

वळणे

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणाचा शेवट जिथे दिसतो तिकडे नजर. साधारण 25 च्या वर वेग गेला की गाडी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते. उजवीकडे जायचे तर हँडलची उजवी बाजू पुढे हलकी ढकलायची. वाचताना हे उलटे वाटते, पण मोकळ्या जागेत एकदा करून पाहिले की पटते. हर्ट यांच्या अहवालात, अशा तऱ्हेने गाडी कलवून अडथळा चुकवणे अपघातग्रस्तांना जवळपास येतच नव्हते, अशी नोंद आहे.

रस्त्यावर कोणत्या क्रमाने यायचे

आधी गावातले आतले रस्ते, सकाळी लवकर. पण सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून हॉर्न वाजवत प्रत्येक दारात थांबतो, हे ध्यानात ठेवा. तो थांबणार, वळणार, उतरणार हे आधी धरून चाला. चिऱ्यांच्या उंच कुंपणांआडून स्कूटर, मूल किंवा कुत्रा येतो. तिथे वेग इतकाच हवा की दिसते तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे.

मग फोंडा, म्हापसा, मडगावच्या बाजाराचे रस्ते, आणि सर्कलवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे. खासगी बस कुठेही थांबते, कारण प्रवासी कुठेही हात दाखवतो. बसच्या मागे चिकटू नका, आणि ती थांबल्यावर डावीकडून तर कधीच काढू नका. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा नंबर दिसला की ती भाड्याची गाडी. चालवणारा पाहुणा असेल, त्याला वळण माहीत नसेल, त्याची नजर मोबाइलच्या नकाशावर असेल. त्याला दोन गाड्यांची जागा जास्त द्या. डिचोली-सांगे भागात खाणीच्या ट्रकच्या आरशात तुम्हाला ट्रकवाल्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, दिवसभर याच रस्त्यांवर असतात. एखाद्या अनुभवी पायलटाच्या मागे बसून प्रवास करताना त्याची मान पाहा. आरसा, नाका, बाजूची गल्ली, परत आरसा. हँडल फारसे हलत नाही, डोळे सतत हलतात. हा फुकटचा धडा आहे.

राष्ट्रीय महामार्ग 66, अनमोड आणि चोर्ला घाट, रात्रीचा प्रवास हे सगळे पक्के लायसन्स मिळाल्यावर, आणि तेही एकेक करून. घाटात उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. इंजिनाचा ओढा हाच तिथला आधार असतो, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

पाऊस आणि फेरीबोट

पहिल्या सरी सगळ्यांत वाईट, कारण महिनोन् महिने साचलेले तेल आणि धूळ वर येते. पुढे लाल माती रस्त्यावर वाहत येते. झेब्राचे पांढरे पट्टे, गटारांवरची लोखंडी झाकणे, झाडांखालचा ओला पाचोळा, या सगळ्यांवर गाडी सरळ आणि हात स्थिर. त्यांच्यावर ब्रेक नको, रेसचा झटका नको. पुढच्या वाहनापासून कोरड्यात दोन सेकंदांचे अंतर ठेवत असाल तर पावसात चार. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की 'एक हजार एक, एक हजार दोन' असे मोजा. पाणी साचलेल्या जागी खड्डा किती खोल आहे हे कळत नाही, तिथून वळसा घ्या किंवा पुढच्याला जाऊ द्या. सैल रेनकोट चाकात, चेनमध्ये अडकू शकतो, त्यामुळे पँट-जॅकेटचाच घ्या. रात्री गुरे रस्त्यातच बसतात. हेडलाइटच्या उजेडात दोन चमकते डोळे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

दिवाडी, चोडणला जाणाऱ्यांसाठी फेरीबोटीचा उतार हा वेगळाच अभ्यास आहे. धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी ओली, शेवाळलेली असते. आधी बोट पूर्ण टेकू द्या. पहिला गिअर, क्लच स्थिर, एकसारखा मंद वेग, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका भार, पुढचा ब्रेक नाही, सरळ चढा. उतारावर मध्येच थांबायची वेळ येऊ नये म्हणून पुढची गाडी आत जाईपर्यंत उताराच्या आधीच थांबा. आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, साइड स्टँड, आणि हात हँडलवर. पहिल्यांदा हे रिकाम्या वेळी, दुपारी करून पाहा, ऑफिस सुटायच्या गर्दीत नको.

चाचणीनंतर

आरटीओत आठ, इशारे आणि थोडी गाडी पाहून लायसन्स मिळते. त्या परीक्षेत 40 च्या वेगातून थांबणे नसते, पाऊस नसतो, बस नसते. म्हणून पहिले काही महिने मागे कोणाला बसवू नका. बसवाल तेव्हा आधी मैदानावर जा आणि त्या माणसासह ब्रेकचा सराव परत करा. गाडी थांबायला जास्त जागा घेते आणि संथ वेगात तोल वेगळा लागतो. मागच्यालाही हेल्मेट लागते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचे आहे.

चेन सैल आहे का, टायरमध्ये हवा किती, ब्रेकचे पॅड किती उरले, हे दर आठवड्याला पाहा, आणि टायरची नक्षी झिजली असेल तर मेच्या अखेरीस बदलून घ्या. नवे टायर पहिले काही किलोमीटर गुळगुळीत असतात, तेवढे जपून. मग जूनच्या पहिल्या पावसानंतर एका सकाळी रिकाम्या मैदानावर खडू घेऊन जा. पावसात रेघ टिकत नाही, त्याऐवजी दोन चिरे ठेवा, आणि ओल्या जमिनीवर ताशी 20 पासून परत सुरू करा.